अर्ज कोणाच्या नावे?

मुनशी नानांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, हे ओळखायला आम्हाला सहा महिने लागले. आणि त्या सहा महिन्यांत आम्ही काय केलं? त्यांची वाहवा केली. 'काय माणूस आहे, किती काळजीनं काम करतो!' असं म्हणत बसलो. आज या वयात ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे, महायुद्ध संपत आलं होतं तेव्हाची. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीसमोर लिंबाचं मोठं झाड होतं. त्या झाडाखाली आम्ही तिघे-चौघे अर्जीनवीस सतरंज्या टाकून बसायचो. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि शेतकऱ्याला उर्दूचं अक्षर कळत नसे. तो मराठीत आपलं रडगाणं सांगायचा, आम्ही ते उर्दूत उतरवायचो, शेवटी त्याचा अंगठा घ्यायचो आणि कागद आत जायचा. म्हणजे बघा, माणसाचं शेत, बैल, इज्जत, जे काही असेल ते आमच्या बोरूच्या टोकावर असायचं. आम्ही काही एवढा विचार करत नव्हतो. नाना करायचे.

नाना म्हणजे ठेंगणे, सुकलेले, पन्नाशीच्या अलीकडचे. खाली धोतर, वर विटकी शेरवानी, आणि वैशाखाच्या उन्हातही शेरवानीच्या साऱ्या गुंड्या लावलेल्या. मी म्हणायचो, "नाना, वरची एक तरी सोडा, जीव जाईल." ते म्हणायचे, "वामन, लोक घाबरून येतेत इथं. आपण तरी नीट दिसावं." शाई स्वतः करायचे, काजळ आणि बाभळीचा डिंक खलून. बोरू तासला की आधी डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून पाहायचे, त्यामुळे ते नख कायम काळं. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, त्या नखामुळं जेवताना वरणसुद्धा काळं दिसतं.

त्यांची विचारायची एक रीत होती. समोर कोणी ओक्साबोक्शी रडत बसलं तरी नाना म्हणायचे, "रडणं अर्जात मावत न्हाई. नाव सांगा." मग गाव. मग तक्रार काय. मग कधीपासून. मग आतापर्यंत त्यावर काय केलं. आणि शेवटी, मागता काय. याच क्रमानं, कधी उलटंसुलटं नाही. लिहून झालं की सगळा अर्ज मराठीत वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "काही राहिलं का?" समोरच्यानं 'न्हाई' म्हटल्याशिवाय अंगठा घ्यायचे नाहीत. खरं सांगतो, आम्ही बाकीचे वाचूनबिचून दाखवत नव्हतो. कोणाला एवढा वेळ होता!

आणि कुठली तक्रार कोणाच्या नावे घालायची, यात त्यांचा हात धरणारा नव्हता. एकदा एक म्हातारी आली आणि तिनं लेकाला तासभर शिव्या घातल्या. नानांनी बोरू उचललाच नाही. ती दमल्यावर विचारलं, "आजी, मागता काय?"

म्हातारी म्हणाली, "त्यानं सणाला घरी यावं."

"असा अर्ज कचेरीत जात न्हाई," नाना म्हणाले, आणि साध्या मराठीत तिच्या लेकाला पत्र लिहून दिलं. मी हसलो तर माझ्यावर डोळे वटारले. "प्रत्येक दुखण्याचा मालक वेगळा असतो, वामन. चुकीच्या दारात उभं केलं की माणूस फुकट मरतो."

आता त्यांच्याकडून काय घडलं ते सांगतो. मला ते पुष्कळ नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो.

बाजाराचा दिवस होता आणि झाडाखाली ही गर्दी. पालमकडचा किसन नावाचा एक कुणबी आला. बांधावरच्या मारामारीत त्याच्या थोरल्या भावाला धरून हवालातीत टाकलं होतं. भावाला ताप होता, खोकल्यातून रक्त पडत होतं. त्याला जामिनावर सोडावं, एवढंच किसनचं मागणं. नाना लिहीत असतानाच आतून चपराशी ओरडला, "कागद घेणं बंद होतंय, लौकर करा!" नानांनी घाईघाईनं शेवटची ओळ लिहिली, किसनचा अंगठा घेतला आणि कागद आत दिला. जन्मात पहिल्यांदा अर्ज वाचून दाखवला नाही. आणि भावाच्या आजाराची ओळ त्यात लिहायची राहून गेली.

पाचव्या दिवशी भाऊ हवालातीत मेला.

ओळ असती तर तहसीलदार साहेबानं सोडलं असतं का? कोण जाणे. बहुतेक नसतंच सोडलं. पण त्या संध्याकाळी नानांनी घरी कच्चा मसुदा काढून पाहिला आणि त्यांना आपली चूक दिसली. कोणाला बोलले नाहीत. तेराव्यानंतर किसन झाडाखाली आला, नानांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "तुमी लय चांगलं लिवलं हुतं नाना. आमचंच नशीब फुटकं." नानांनी त्याला पाणी दिलं. तेव्हाही बोलले नाहीत. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या आभारांनी ते आतून पोखरले गेले.

त्यानंतर नाना प्रत्येक अर्ज दोनदा वाचून दाखवू लागले. मग पाचदा. मग दहा-दहादा. आम्हाला काय दिसलं? की माणूस लय मन लावून काम करायलाय. गावोगाव बोलबाला झाला आणि त्यांच्यापुढं रांग लागायला लागली. माझी सतरंजी मोकळी. मी आतल्या आत जळायचो. बायकोला म्हणायचो, "नानांनी नवं ढोंग काढलंय." ढोंग म्हणालो मी त्याला!

हळूहळू रंग बदलला. अंगठा झाल्यावर माणूस गाडी जुंपून निघाला की नाना शेरवानी सावरत मागं पळायचे. "थांबा, थांबा! काही राहिलं का?" लोक हसायचे. एका भर दुपारी ते दिसेनात. दुसऱ्या दिवशी कळलं, सहा कोस चालत एका गावी गेले होते, तिथल्या माणसाला तेवढं एक विचारायला. त्या माणसाचा अर्ज मंजूर होऊन आठ दिवस झाले होते. तरी गेले! टाचा फुटून रक्त निघालेलं, आणि म्हणतात कसे, "आज तरी झोप लागंल असं वाटलं हुतं."

हे ऐकून तरी मला समजायला नको का? नाही समजलं. किंवा खरं बोलायचं तर समजलं, आणि मी गप्प बसलो. ते पुढं येईलच.

मग एका विधवेचा अर्ज ते वाचत राहिले, वाचत राहिले, आणि कचेरी बंद झाली. तिची मुदत त्याच दिवशी संपत होती. ती बाई तिथंच मातीत बसून हंबरडा फोडून रडली आणि नाना कागद छातीशी धरून उभे. चार दिवसांनी त्यांनी कहर केला. साहेबाचं कामकाज चालू असताना थेट आत घुसले आणि साहेबाच्या कारकुनाच्या, पेशकाराच्या पुढ्यातल्या गठ्ठ्यातून आपणच लिहिलेला एक कागद ओढायला लागले. पेशकारानं गचांडी धरली, शेरवानीच्या दोन गुंड्या तुटल्या. साहेब भला होता, म्हणाला, "मुन्शीजी, इस बार छोड़ता हूँ। अगली बार अंदर करूँगा।"

आता गावाची जीभ सुटली. कोणी म्हणालं करणी केलीय, कोणी म्हणालं भावकीतल्यानं काहीबाही खाऊ घातलं. वहिनींनी देवरशाचा अंगारा आणला, दर्ग्यावरून ताईत आणून दंडाला बांधला. नाना बिचारे मुकाट्यानं सगळं करून घ्यायचे. ताईत बांधून झाल्यावर वहिनींना विचारलं म्हणे, "आत काय लिहिलंय? कोणी वाचून पाहिलं का?"

आणि मग ती सकाळ आली. मी सतरंजी झटकत होतो. नाना आले, उभ्या उभ्याच आपलं कलमदान माझ्यापुढं ठेवलं. शिसवी, पितळी कोपऱ्यांचं, त्यांच्या वडिलांपासूनचं. "वामन, हे तू ठेव. मला आता लागायचं न्हाई." आवाज अगदी शांत. कित्येक महिन्यांत एवढे शांत दिसले नव्हते. आणि मी काय केलं? राजेहो, मी खूश झालो! म्हटलं, चला, नानांनी काम सोडायचं ठरवलं, आराम पडेल त्यांना, आणि एवढी देखणी वस्तू आपल्याला मिळाली. दुपारी ते काखेत मारून मी घरी निघालो.

वाटेत त्यांचं घर. वहिनी ओसरीवर जोंधळे निवडत होत्या. माझ्या काखेकडे पाहिलं आणि सूप तसंच खाली ठेवलं.

"हे कुणी दिलं तुमाला?"

"नानांनी. म्हणाले, आता लागायचं न्हाई."

खांबाला धरून त्या उठल्या, आत डोकावून नाना खाटेवर आहेत हे पाहून आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काल मला म्हणले, माझ्या मागं माहेरी जा, इथं राहू नको. मी म्हटलं, असंच काहीतरी बोलायलेत. वामनराव, कळंना का तुमाला? हा माणूस आवराआवर करायलाय."

ते कलमदान मला हातात धरवेना.

वहिनी एवढे दिवस गप्प का होत्या, तेही तेव्हा कळलं. त्यांच्या लेकीचं, शांतीचं लग्न मानवतच्या एका घरी ठरत आलं होतं. बाप वेडा आहे म्हटल्यावर पोरगी कोण करून घेणार? म्हणून ही बाई घरातल्या घरात सगळं झाकत होती. पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "जळो ते लगीन. आज त्यांना नजरेआड करत न्हाई मी. उद्या हे कलमदान त्यांच्या जागेवर नेऊन ठेवा. मी येते तिथं."

"कचेरीवर? तुमी?"

"व्हय. मी."

खेड्यातल्या बायका यायच्या, पण त्या काळी आम्हा मुनशी लोकांच्या घरातली बाई कचेरीसमोर येऊन बसायची नाही, मेली तरी. दुसऱ्या दिवशी नानांना त्या काय सांगून घेऊन आल्या कोण जाणे. नाना कलमदान पाहून गोंधळले, पण सवयीनं सतरंजीवर बसले. आणि वहिनी, डोक्यावरून पदर घेऊन, त्यांच्यासमोर येऊन बसल्या. अर्ज लिहायला येणारी माणसं बसायची त्या जागेवर. पाच-पंचवीस लोक तिथं होते.

"काय करायलीस हे?" नाना पुटपुटले. "घरी चल."

"अर्ज लिहायचाय. तुमी कोणाला न्हाई म्हणत न्हाई ना? मग मलाबी म्हणू नका."

नानांनी इकडं-तिकडं पाहिलं. मग बोरू उचलला, नखावर रेघ ओढली. आणि तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. "तक्रार कोणाची? नाव सांगा."

"नाव घेत न्हाई मी त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये. तुमाला ठाऊक हाय. तुमी लिहा."

नाना किती तरी वेळ कोऱ्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या हातानं, आपल्या अक्षरात, आपलंच नाव लिहिलं.

"तक्रार काय?"

"जेवत न्हाईत. झोपत न्हाईत. एकच गोष्ट शंभरदा करतेत अन् शंभरदा केली तरी जिवाला चैन न्हाई."

"कधीपासून?"

"पालमकडचा तो माणूस मेला तवापासून."

बोरू थांबला. मग पुन्हा चालला. "आतापर्यंत त्यावर काय केलं?"

"अंगारा. ताईत. अन् सगळ्यात जास्ती म्हणजे मी झाकून ठेवलं. हेबी लिहा."

"मागता काय?"

"ते जगावेत."

नानांनी लिहिलं. मग कागद उचलून मराठीत वाचायला लागले. पूर्ण वाचलं. शेवटी विचारलं, "काही राहिलं का?"

"राहिलं. काल त्यांनी कलमदान देऊन टाकलं. त्यांच्या मनात मरायचं हाय. हे त्यांनी अजून कोणाला सांगितलं न्हाई, पण मला कळलंय."

नानांनी खाली मान घातली. टपकन एक थेंब कागदावर पडला, शाई पसरली. त्यांनी ते वाक्य लिहिलं. मग मान वर करून लहान मुलासारखं विचारलं, "पण हा अर्ज कोणाच्या नावे घालू? तहसीलदाराचं काम न्हाई हे, कोर्टातल्या मुनसफाचंबी न्हाई. असल्या दुखण्याचा मालक कोण, मला ठाऊक न्हाई."

वहिनींनाही ठाऊक नव्हतं. त्या जमलेल्या लोकांकडे बघायला लागल्या.

मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं! माझा मेव्हणा ब्रह्मदेशातल्या लढाईवरून परतला तेव्हा भांडं पडलं तरी खाटेखाली शिरायचा. परभणीला लष्करातून आलेला एक मुसलमान डॉक्टर होता, त्यानं त्याला माणसात आणलं होतं. समोर बसवून, बोलायला लावून. पण आम्ही ते कोणाला कळू दिलं नव्हतं. गावात सांगितलं, पोटाचं दुखणं होतं. आपल्या घरात वेडं माणूस निघालं असं कशाला म्हणवून घ्या, म्हणून मी सहा महिने जीभ दाताखाली धरून बसलो होतो, आणि समोर एक माणूस बुडत होता.

"मला ठाऊक हाय," मी म्हणालो आणि सगळ्यांसमोर मेव्हण्याचं सगळं सांगून टाकलं.

नानांनी बोरू खाली ठेवला. "कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"पहिल्यापासून, नाना."

मला वाटलं आता तोंडावर थुंकतील. ते म्हणाले, "मग पत्ता सांग."

त्याच दिवशी आगगाडीनं मी आणि वहिनी त्यांना परभणीला घेऊन गेलो. डॉक्टरानं उर्दूतला तो अर्ज नीट वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मुन्शीजी, बहुत साफ लिखा है। आधा काम तो आपने ही कर दिया।"

पुढं दर शनिवारी नाना जाऊ लागले. पहिला महिना नुसता त्या मेलेल्या माणसाबद्दल बोलण्यात गेला. नाना सांगायचे, "तो काही बोलतच न्हाई रे. मी बोलतो, अन् तो ऐकतो. आजवर मीच लोकांचं ऐकत आलो." झोपेचं औषध दिलं. मग नियम घालून दिला, दोनदा वाचायचं आणि कागद सोडायचा. छाती धडधडते म्हटलं तर डॉक्टर म्हणायचा, "धड़कने दो, उसका काम है।" नाना तसं करायचे. कागद आत गेला की सतरंजीची कड मुठीत धरून बसायचे, कपाळावर घाम, ओठ आवळलेले. मी मुद्दाम काहीबाही बोलत राहायचो. सोपं नव्हतं ते. दोन पावलं पुढं, एक मागं. मानवतचं लग्न मोडलंच, नारळ परत आला. शांतीचं पुढं दुसरीकडं झालं, चांगलं झालं. पण त्या दिवशी वहिनी ओसरीवर बसून खूप रडल्या आणि मग उठून नानांना जेवायला वाढलं.

वर्ष-दोन वर्षं गेली. राज्यात गडबड वाढत चालली होती. रझाकारांच्या भीतीनं पुढं मीही बायकापोरं घेऊन वऱ्हाडात सासुरवाडीला निघून गेलो, आणि परत त्या गावी राहायला काही आलो नाही. नाना बरीच वर्षं जगले, हे मला शांतीच्या पत्रावरून कळलं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाव सोडण्याच्या चार दिवस आधी, आणि तेच डोळ्यापुढं आहे.

त्या दिवशी किसन आला. शेताच्या कसल्या तरी कामासाठी अर्ज हवा होता. नानांसमोर बसला, हात जोडले. नानांनी बोरू हातात घेतला नाही.

"किसन, आधी तुला एक सांगायचंय. तुझ्या भावाच्या अर्जात त्याच्या आजाराचं मी लिहिलंच न्हाई. माझ्याकडून राहिलं. तुला वाचून दाखवलं असतं तर तुला कळलं असतं. तेबी केलं न्हाई."

किसननं जोडलेले हात खाली घेतले. "मी तुमाला तीनदा सांगितलं हुतं. रगत पडायलंय म्हून."

"व्हय. तीनदा."

"अन् मी तुमच्या पायावर डोस्कं ठेवलं."

"व्हय."

किसन उठला. त्याच्या हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या. मी मधे पडायला उठलो. पण त्यानं हात उचलला नाही. "मारूबी वाटंना तुमाला," एवढं बोलून तो निघून गेला, अर्ज न लिहिताच. त्यानं माफ केलं नाही, आणि त्यानं का करावं?

मी नानांकडे पाहिलं. त्यांचे हात गदगदा हलायला लागले होते, अगदी तेव्हासारखे. आता वहिनींना बोलवावं की यांना धरून ठेवावं, मला सुचेना. नाना आपल्या हातांकडे बघत होते.

"वामन, आज वार कोणता?"

"मंगळवार."

"शनिवारपर्यंत निभायचं न्हाई माझ्यानं. मी आजच जातो परभणीला."

"मी येतो बरोबर."

"नको. तू घरी जाऊन सांग, डॉक्टरकडं गेलेत म्हणून. तिनं भलतंसलतं समजू नये." ते उठले, तोल गेला, झाडाला धरून सावरले. मग हळूहळू बाजाराच्या रस्त्यावर गेले आणि स्टेशनला जाणारी एक बैलगाडी हात करून थांबवली. मी मागं उभा होतो. दुकानांतून लोक बघत होते.

गाडीवानानं विचारलं, "कुठं निघालाव मुनशीजी, शनिवार सोडून आडवारी?"

सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात नाना म्हणाले, "डॉक्टरकडं. डोक्याचं दुखणं हाय माझं, आज वाढलंय."

गाडीवानानं बैलांचा कासरा ओढून धरला आणि बाजूची पोती सरकवून जागा केली. "मग इकडं या मधे," तो म्हणाला, "अन् दांडीला धरून बसा. पुढं रस्ता लय खराब हाय."